पाठीची शिवण

१

कपड्याला हात लावण्याआधी हात धुवायचे, पुसायचे आणि पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबायचं. हे थांबणं मला फार आवडायचं. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर कागदात गुंडाळलेला कपडा, खाली लॉन्ड्रीची यंत्रं घुमताहेत, त्यांची थरथर टेबलाच्या पायांतून वर येते आहे, आणि मी दोन्ही हात हवेत धरून उभी. लांबच्या देशात जाऊन जुनं कापड जपायचं शास्त्र शिकून आलेल्या मुलीने लॉन्ड्रीच्या माडीवर खोली घ्यावी, यावर आई म्हणाली होती, "खाली मळ काढतात, वर मळ जपतात. शोभतंय हो."

मी जपत होते ते मावशीचे कपडे.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. पण हे नातं घराच्या दारापर्यंतच. दाराबाहेर ती सगळ्यांची धांदलबाई होती. दर आठवड्याला टीव्हीवर लागणाऱ्या त्या विनोदी मालिकेत धांदलबाई नवी नोकरी धरायची. कधी दवाखान्यात परिचारिका, कधी पोस्टात, कधी हॉटेलच्या मुदपाकखान्यात. भाग संपेपर्यंत नोकरी घालवायची. शेवट ठरलेला असे. ती घाईघाईने काहीतरी उचलायला वाकायची, टर्रकन आवाज यायचा, आणि तिच्या कपड्याची पाठ मानेपासून खालपर्यंत उसवायची. मग ताट, छत्री, हाताला लागेल ते पाठीशी धरून ती उलट्या पावलांनी बाहेर पळायची. चित्रण बघायला आलेले लोक खुर्च्यांवर उभे राहून हसायचे. घराघरात लोक त्या एका आवाजासाठी जेवण आवरून बसायचे.

शाळेत माझ्या मागे कुणीतरी तोंडाने टर्र करायचं आणि मी नकळत पाठ चाचपायची. मग सगळा वर्ग हसायचा.

हा राग मी लांब घेऊन गेले आणि तिकडून धार लावून परत आणला. मावशीचे सगळे कपडे शोधायचे, ते नीट करायचे आणि लोकांसमोर मांडायचे. बघा, हे एका बाईचं काम होतं. मेहनत होती. आता हसून दाखवा. खरं सांगायचं तर मला एवढंच हवं होतं: लोकांनी एकदा तिच्यासमोर गप्प उभं राहावं.

२

मालिका बंद पडली तेव्हा कपडे मिळेल त्या भावाला विकून टाकले होते. कुणी नेले, कुठे गेले, कुणाला ठाऊक नव्हतं. ते हुडकायला मला शेठ भेटला. जुन्या चीजवस्तूंचं दुकान, बोलण्यात तोंडाला झाकण नाही. त्याने पहिला कपडा एका केशकर्तनालयाच्या काचेच्या कपाटातून आणला, दुसरा एका विधुराच्या बैठकीतल्या चौकटीतून.

"मॅडम, फाटका माल विकायचा आणि वर भाव खायचा, असा धंदा बापजन्मात केला नव्हता," तो म्हणाला.

"सगळेच फाटके का मिळतात?"

"धड असला तर तो धांदलबाईचा कसा? मग तो कुणाही बाईचा झाला की!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर तो खोकला येईस्तोवर हसला.

तो गेल्यावर मी परिचारिकेचा पांढरा झगा चादरीवर पालथा घातला. या कपड्यांना पाठीशिवाय दुसरं तोंडच नव्हतं. बटणं खोटी, पुढे नुसती टाचलेली. गळा डोकंही जाणार नाही इतका अरुंद. चित्रणाआधी मावशी मागून आत शिरायची आणि पाठ तिच्या अंगावरच कच्च्या टाक्यांनी शिवायचे. त्या टाक्यांतून एक नायलॉनचा दोरा ओवलेला असे. वेळ आली की पडद्यामागून कपडेपटातला माणूस तो ओढायचा आणि शिवण उलगडायची. हे मला लहानपणापासून माहीत होतं. जादू कशी करतात ते कळल्यावर मुलांना जरा वाईट वाटतं, तसं मला वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं.

मी शिवणीवर भिंग धरलं. दोरा ओढून शिवण उलगडली तर धाग्याची टोकं शिवणीच्या दिशेने, लांबीत झोपतात. ही झोपलेली नव्हती. प्रत्येक टोक तुटलेलं होतं, पिंजलेलं होतं, आणि बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. कापडाच्या कडाही पाठीच्या मधोमध बाहेर ओढल्यासारख्या ताणलेल्या.

ओढून उसवलेली शिवण अशी दिसत नाही. ढकलून फुटलेली दिसते.

वर्षानुवर्षांची हाताळणी, मी स्वतःला सांगितलं. विधुराने चौकटीत बसवताना ताणला असेल. मग पोस्टातल्या बाईचा निळा कोट काढला, तो केशकर्तनालयातून आलेला, आणि त्यावर भिंग धरलं. तिथेही तेच.

३

मावशी आमच्याकडेच राहायची, मागच्या खोलीत. जिला लोक धांदलीसाठी ओळखत तिच्याइतकं संथ आमच्या घरात कुणी नव्हतं. ती एक पान वाचायला सकाळ घ्यायची. कप टेबलावर ठेवताना आवाज होऊ नये म्हणून आधी करंगळी टेकवायची, मग बाकीची बोटं, मग कप. खुर्चीत बसली की पाठ पूर्ण टेकून, डोळे मिटून, जणू खुर्चीने तिला वाचवलं आहे.

"काय विदुषी, सापडल्या का माझ्या लाजा?" तिने विचारलं.

"लाजा कसल्या? कला आहे ती, मावशी."

"असेल बाई. मी आतून बघितली, तू बाहेरून."

मी तिच्या पायाशी बसले. "तो दोरा ओढायचे ना, तो कसा ओवायचे?"

"दोरा?" ती जरा थांबली. तिचं थांबणं मला सवयीचं होतं. "पहिल्या काही भागांत होता. नंतर लागला नाही."

"म्हणजे? मग उसवायचं कसं?"

"उसवायचं." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "कपडेपटातला माणूस तो दोरा हातात धरून नुसताच उभा असायचा. बिचारा घाबरायचा. कुणाला बोलला नाही."

मला वाटलं चेष्टा करते आहे. मी म्हटलं, "मला फार राग यायचा गं. इतक्या लोकांसमोर तुझे कपडे फाटायचे, आणि आपण सगळ्यांनी ते बघायचं."

मावशीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वेडी आहेस. फाटायचं म्हणून तर घरी यायचे मी."

आई आत येत म्हणाली, "बरोबरच आहे. त्या फाटण्यावर घर उभं राहिलं. हिचं लांबचं शिक्षण काय आभाळातून पडलं?"

मावशी हसली नाही. मलाही तिचं बोलणं त्याच अर्थाने कळलं, आईला कळलं तसंच. त्या दुपारी माझा निश्चय जास्तच पक्का झाला.

४

आमच्या विद्येत एक नियम आहे. जे तुटलं आहे ते तुटलेलंच दाखवायचं. आधार द्यायचा, पण जखम झाकायची नाही, आणि जे टाके घालायचे ते उद्या कुणालाही सहज काढता येतील असे घालायचे.

मी तो मोडला. प्रदर्शनात रांगेने उघड्या पाठी मांडून मी पुन्हा तोच आवाज लोकांच्या कानात वाजवणार नव्हते. नियम कापडासाठी होता, मी माणसासाठी शिवत होते. असं वाक्य मनात आलं की माझा ऊर भरून यायचा.

उभ्या लाकडी दांड्यावर मी मावशीच्या मापाचं धड बांधलं. कापूस, त्यावर मलमल. माप घेताना मावशी गुदगुल्या झाल्यासारखी आक्रसली होती. परिचारिकेचा झगा त्या धडावर चढवला, पाठीच्या कडा जुळवल्या आणि रेशमी दोऱ्याने शिवायला बसले. कच्चा टाका नाही. बखिया. प्रत्येक टाका मागे जाऊन पुढे येणारा, एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवणारा. वर आतून पट्टी लावली. शिकवणाऱ्या बाईंनी बघितलं असतं तर मला वर्गाबाहेर काढलं असतं, पण इतकी सुंदर शिवण मी आयुष्यात घातली नव्हती.

शेवटची गाठ मारून मागे सरले तेव्हा खाली यंत्रं थांबली होती. खोलीत एक बारीक आवाज आला. नवी वेताची खुर्ची कुणी बसल्यावर करते तसा.

झगा धडावर तट्ट बसला होता. शिवण ताणलेली, काखेत सुरकुती नाही. हे चूक होतं. मावशी तेव्हा आजच्यापेक्षा बारीक नव्हती, आणि वाकता यावं म्हणून झग्यात मुद्दाम सैलपणा ठेवलेला होता. मी स्वतः मोजला होता. धड जाड झालं असणार. मी खालून हात घालून मूठभर कापूस काढला.

झगा तसाच राहिला. मी आणखी काढला.

५

घरात त्या आठवड्यात मावशीच्या हातून कप फुटला. मोठी गोष्ट नव्हे. पण ती बघत बसली नाही, टुणकन उठली, "अगं बाई, अगं बाई" करत तुकडे गोळा करायला धावली आणि धावताना बशीही पाडली. आई हसली. मीही हसले असते, पण मावशी आमच्या तोंडाकडे बघत थांबली होती. पसंती विचारल्यासारखी.

मग ती खुर्चीच्या काठावर बसू लागली. पाठ टेकेना. "टोचतंय का काही?" विचारलं तर हात मागे नेऊन मणक्यावरून बोटं फिरवायची आणि विसरल्यासारखी पुन्हा पुढे घ्यायची.

पोस्टातल्या बाईचा कोट शिवून झाला त्या दिवशी घरी आले तर मागच्या खोलीतून आवाज आला, "आले, आले, अगं आलेच!" कुणी हाक मारली नव्हती. हे धांदलबाईचं वाक्य होतं, दर भागात दारावरची घंटा वाजली की म्हणायची ते. मावशीने ते घरात कधीच म्हटलं नव्हतं. पाहुण्यांनी गळ घातली तरी नाही.

डॉक्टर म्हणाले, "या वयात जुनं वर येतं, नवं खाली जातं. आनंदी आहेत ना? मग झालं."

आनंदी होतीच. शेजारीपाजारी चहाला यायला लागले. मावशी ट्रे घेऊन यायची, पायात पाय अडकवायची, चहा सांडायची, सगळे खो खो हसायचे. "ताई किती वर्षांनी मोकळी झाली बघ," आई डोळे पुसत म्हणाली. "तूच केलंस हे. तू जुने कपडे आणलेस आणि तिच्यात जीव आला."

मी लांब शिकलेली मुलगी. मी माझ्या खोलीत बसून स्वतःला समजावलं: आठवणींना असा वास, असा स्पर्श जागं करतो. यावर अभ्यास झालेले आहेत. ती कपडे बघायला कधी माझ्या माडीवर आलीच नव्हती, हे मात्र मी त्या समजुतीत धरलं नाही.

६

शेठ स्वयंपाकिणीचा झगा घेऊन वर आला तेव्हा खोलीचा कोपरा कापसाने भरला होता.

"काय हो मॅडम, गादी कारखाना काढला काय?"

"धडं बारीक करते आहे. कपडे घट्ट बसतात."

"मग बाई सुटल्या होत्या म्हणा की!" हसत तो परिचारिकेच्या झग्याभोवती फिरला, खाली वाकून त्याने घेरातून वर बघितलं, आणि त्याचं हसू मध्येच अडकलं.

"यात काय भरलंय?"

"काही नाही. काढला सगळा. दांडा आहे नुसता."

झगा भरलेला होता. छाती, पोट, पाठ, सगळं. शेठने बोट पुढे केलं आणि पोटाजवळ येऊन मागे घेतलं.

"खळ लावली असेल तुम्ही," तो म्हणाला.

"जुनं कापड ताठर होतं," मी म्हटलं. दोघांनाही दुसऱ्याचं कारण पटलं नाही, पण दोघांनी मान डोलावली. खळ मी लावली नव्हती. आणि ताठर कापड खाली यंत्र थांबल्यावर त्या बारीक आवाजाने हलत नाही. आत कुणी कूस बदलायला जागा शोधावी, इतकेच हलायचे ते कपडे. मी तोंडाने गाणं म्हणत शिवायला लागले होते, आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

त्यानंतर शेठ वर आला नाही. शेवटचा कपडा, शेवटच्या भागातला हिरव्या ठिपक्यांचा झगा, त्याने जिन्याच्या खालच्या पायरीवरूनच माझ्या हातात दिला. "एक सांगू मॅडम? हा राहू द्या असाच. फाटका बरा दिसतो." मग नेहमीच्या सुरात यायला धडपडत म्हणाला, "धंद्याच्या दृष्टीने म्हणतोय हो!"

७

झगा घरी आणला नव्हता. सापडला म्हणूनही बोलले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात, आई बाहेर गेलेली असताना, मावशीने दोन्ही हातांनी ओटा धरला. घट्ट, गाडीत उभं राहिल्यासारखा. आणि तिच्या स्वतःच्या आवाजात, त्या संथ आवाजात, मी किती तरी दिवसांत ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाली,

"किती राहिलेत गं?"

"एकच, मावशी. हिरव्या ठिपक्यांचा."

"तो नको शिवूस."

"का?"

तिने बोलायला तोंड उघडलं. शब्द लांबून आणत होती. "तेवढाच... उघडा आहे."

मी तिला मिठी मारली. पाठ माझ्या हाताखाली फळीसारखी लागली. म्हटलं, "घाबरू नकोस. आता तुला कुणी हसणार नाही. मी हसू देणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी रोज आठवते. समोरच्याला आपली भाषा येत नाही हे कळल्यावर माणूस बघतो तसं. मग तिचे हात ओट्यावरून सुटले, एक डबा खणकन खाली पडला आणि ती उडी मारून ओरडली, "अगं बाई, अगं बाई!"

आयुष्यभर लोकांनी हिची इतकी लाज काढली की मान मिळतो आहे तोही हिला सोसवत नाही. माझ्या मनाने हा अर्थ लावला. मी त्यावर रडलेसुद्धा. आणि संध्याकाळ व्हायच्या आत हिरव्या ठिपक्यांची पाठ शिवून टाकली. शेवटची गाठ मारताना बोटाखाली झगा भरत आला. मी गाणं म्हणत होते.

८

प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात भरलं. उंच खिडक्या, दुपारचं ऊन, भिंतीलगत कपड्यांची रांग. लोक आले आणि मला हवं होतं तसंच झालं. ते गप्प झाले. कुजबुजत, हात मागे बांधून एकेका झग्यासमोर उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून म्हणाले, "आम्ही फार हसलो हो बाईंना." त्या एका वाक्यासाठी मी इतकी वर्षं जगले होते.

मग मी रांगेच्या टोकाला गेले. शेवटचा दांडा उघडा होता.

दारात टाळ्या वाजल्या. मावशी आली होती, आईच्या आधाराने. अंगात हिरव्या ठिपक्यांचा झगा.

मी धावत आईपाशी गेले. "हा कुणी काढला?"

"मी. सकाळी तू यायच्या आत तिला इथे दाखवायला आणलं, तर तिने हा घालायचा हट्टच धरला. लोकांना केवढा आनंद!"

"आई, तो घालता येत नाही. पाठ शिवलेली आहे. त्याला तोंडच नाही!"

"काहीतरीच काय? डोक्यावरून धरला आणि गेला की अंगात, पाण्यासारखा." आईचा चेहरा एक क्षण कोरा झाला, हिशेब लागत नसल्यासारखा. मग तिने तो विचार सोडून दिला. तिने सोडलेला मला दिसला. "सरक आता, तिला पुढे जाऊ दे."

मावशी कुणाच्या तरी हातातला ट्रे ओढून घेऊन सभागृहाच्या मधोमध गेली. खुर्चीला अडखळली. पाणी सांडलं. कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कुणी, आणि माझी शांतता एका झटक्यात गेली. मुलांना खांद्यावर घेतलं गेलं. टोपीवाले गृहस्थ गुडघ्यांवर हात आपटत होते.

ट्रेमधला चमचा खाली पडला. सगळे गप्प झाले. आता काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं.

मावशी वाकली.

काही झालं नाही.

ती उभी राहिली, चमचा टाकला, पुन्हा वाकली. शिवण ताणली, कण्हल्यासारखी वाजली आणि टिकली. ती पुन्हा वाकली. पुन्हा. तोंडावर धांदलबाईचं मोठं हसू होतं आणि डोळे माझ्यावर होते. त्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

तेव्हा मला तिचं ते वाक्य कळलं: फाटायचं म्हणून तर घरी यायचे मी. किती उशिरा कळलं ते त्याच क्षणी कळलं नाही.

मी लोकांना ढकलत तिच्या मागे गेले, दोन्ही हातांनी पाठ धरली आणि ओढली. माझी शिवण. एकही टाका हलला नाही. हशा छताला लागला. त्यांना वाटलं मी कामात सामील आहे. मी जोर केला, पाय घसरला, गुडघ्यावर आपटले. आणखी हशा. "ओढ गं, ओढ!" कुणीतरी ओरडलं. खिशातली छोटी कात्री काढून मी मधला टाका कापला, शेजारचा कापला. बोटभर फट पडली.

मी आत बघितलं.

मावशीचे दोन्ही हात पुढे होते, ट्रेला धरलेले. मला ते दिसत होते. आणि फटीच्या आतल्या कडेवर एक करंगळी येऊन टेकली. अगदी हळू, आवाज होऊ नये अशी. मग शेजारची बोटं, एकामागून एक. त्यांनी कड धरली आणि बाहेरच्या बाजूला ढकलायला सुरुवात केली.

मी कात्री पुन्हा घालणार तोच आईने माझा दंड धरून मागे खेचलं. "वेड लागलंय का? सगळ्यांसमोर तिचा झगा कापतेस? याचसाठी मांडलंस हे सगळं?" वाचनालयाचे व्यवस्थापकही धावले. मी ओरडत होते. लोक टाळ्या वाजवत होते. त्या गर्दीत ट्रे पाठीशी धरून मावशी उलट्या पावलांनी दाराकडे निघाली. फट ट्रेमागे झाकली गेली.

९

घरी पोचेपर्यंत मला वेळ लागला. आईने दाराला कडी लावली होती. मी दार इतकं आपटलं की शेजारी जमले, तेव्हा उघडली. मावशी मागच्या खोलीत खुर्चीच्या काठावर बसली होती. फट काळ्या दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवलेली.

"दिसत होतं म्हणून शिवलं," आई म्हणाली. "काय दिसत होतं?" मी विचारलं. आई दाराला टेकून उभी राहिली, आणि या वेळी मला अडवलं नाही.

मी मानेपासून सुरुवात केली. काळा दोरा आला, तोही कापला. पट्टी कापली, शेवटची गाठ कापली. पाठ पूर्ण उघडली.

आत मावशीची पाठ होती. सुरकुतलेली, साधी, म्हाताऱ्या बाईची पाठ. बाकी काही नाही. मी झग्याच्या दोन्ही बाजूंत हात घातले, बाह्यांत घातले, अस्तराखाली घातले. अस्तर ऊबदार होतं. झगा सैल होता. खांद्यांवरून तो आपोआप ओघळला आणि खुर्चीत पडला, कुठल्याही जुन्या कपड्यासारखा. नंतर सभागृहातून निरोप आला की बाकीचे सगळे कपडेही दांड्यांवरून खाली लोंबले आहेत, येऊन नीट करून जा.

"मावशी," मी हाक मारली. "मावशी, फाटलं. बघ, सगळं फाटलं. ये आता."

खुर्चीवरची बाई वळली. गाल फुगवले, डोळे मोठे केले. "अगं बाई! फाटलं की!" ती किंचाळली आणि उशी उचलून पाठीला लावली. मग माझ्या तोंडाकडे बघत थांबली. उत्सुक, गोड, पुढच्या खुणेची वाट बघणारी. दारातून आई आधी हसली. बारीक, रडल्यासारखं.

आता आम्ही रोज हे करतो. ती वाकते, उशी धरते, थांबते, आणि हसल्याशिवाय जागची हलत नाही. पहिल्या दिवशी मला जमलं नाही. आता जमतं. जमेल तितक्या मोठ्याने हसते मी, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या, पूर्ण सभागृह हसतं तशी. म्हणजे मावशी जिथे कुठे असेल तिथे तिला वाटावं की आजचा भाग संपला, आता घरी यायला हरकत नाही.